गरोदरपणापासून नवव्या महिन्यापर्यंत: बाळाच्या लसींच्या तारखा कशा सांभाळल्या

सप्टेंबर २०२४ मध्ये बाळ झालं, जून २०२५ मध्ये नवव्या महिन्याच्या लसी झाल्या. मधल्या काळात सगळ्यात जास्त गोंधळ एकाच गोष्टीचा होतो. कुठली तारीख थोडी ताणली तर चालते आणि कुठली अजिबात नाही, हे कोणी एका जागी बसवून सांगत नाही. मी गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, घर डिचोलीला. लसींचं शास्त्र थोडंफार कामातून कळलं, आरोग्य केंद्राची रीत रांगेत उभं राहून. दोन्ही क्रमाने लिहिते.

पहिलं काम कार्डाचं. माता-बाल संरक्षण कार्ड आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना मिळतं आणि त्याच वेळी यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या पोर्टलवर, मोबाईल नंबरने नोंद होते. नंबर असा द्या, जो पुढची दोन-तीन वर्षं बदलणार नाही. ओटीपी त्यावरच येतो आणि बाळाची नोंद पुढे आईच्याच खात्याला जोडली जाते. माहेरच्या केंद्रात नोंद झाली असेल आणि नंतर सासरी लस घ्यायची असेल, तर नवी नोंद करू नका, जुनीच शोधायला सांगा. एकाच बाईची दोन खाती झाली की अर्धे डोस एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे दिसतात.

टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, पहिला डोस २८ फेब्रुवारीला झाला, अकरा आठवडे पुरे झाल्यावर. दुसरा चार आठवड्यांनी, २७ मार्चला. दंडात अर्धा मिली, फुकट. मागच्या तीन वर्षांत आधीच्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील तर एकच बूस्टर पुरतो, म्हणून जुनं कार्ड घेऊन जावं. पूर्वी इथे नुसती धनुर्वाताची टीटी असायची. २०१९ पासून तिच्या जागी घटसर्पाचाही भाग असलेली टीडी आली. लोक अजून 'टीटीचं इंजेक्शन' म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. नवजात बाळासाठी आईला लस द्यायची या कल्पनेचं सगळ्यात मोठं यश हीच लस आहे. १९८८ मध्ये जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालकं धनुर्वाताने दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. भारतात हा आजार उच्चाटनाच्या पातळीला आल्याचं २०१५ मध्ये मान्य झालं. त्यात लसीइतकाच वाटा निर्जंतुक पात्याने नाळ कापण्याचा आणि नाळेवर राख, हळद, तेल काही न लावण्याचा होता. घरच्या वडीलधाऱ्यांना हे बाळ यायच्या आधी सांगून ठेवलेलं बरं.

खरा विचार तिसऱ्या तिमाहीत करावा लागतो. आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वारेतून बाळाकडे जातात. सुरुवात तेराव्या आठवड्याच्या आसपास होते, पण मोठा साठा शेवटच्या आठवड्यांत जातो. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ही पातळी आईइतकी किंवा तिच्याहून जास्तही असते. वेळेआधी आलेल्या बाळाला साहजिकच कमी मिळतं. जन्मानंतर हा साठा साधारण महिन्या-सव्वा महिन्याला निम्मा होत जातो. म्हणजे आईला लस कधी द्यायची याचं गणित दोन बाजूंनी बसवावं लागतं. लस दिल्यावर अँटीबॉडी वाढायला दोनेक आठवडे लागतात आणि मग त्या पलीकडे पोचायला वेळ हवा.

डांग्या खोकल्याच्या टीडॅपसाठी २७ ते ३६ आठवडे ही खिडकी त्यातूनच आली. डांग्या खोकल्याने जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि बाळाची स्वतःची पहिली लस सहाव्या आठवड्याला. एका डोसाने पुरेसं संरक्षणही होत नाही. ही मधली फट आईच्या अँटीबॉडीने भरायची. इंग्लंडमध्ये २०१२ च्या साथीत बाळं दगावू लागली, तेव्हा ऑक्टोबरपासून गरोदर बायकांना ही लस सुरू केली. लहानग्यांमधलं संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास निघालं. अँटीबॉडी लवकर उतरतात, म्हणून दर गरोदरपणात नवा डोस लागतो, मागच्या वेळचा चालत नाही.

टीडॅप सरकारी वेळापत्रकात नाही, खाजगीत घ्यावी लागते. मी २६ जूनला, अठ्ठाविसावा आठवडा पुरा झाल्यावर घेतली. फ्लूची लस त्याच महिन्यात घेतली. ती गरोदरपणात केव्हाही चालते आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळे आईनेच घ्यायची. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो. सप्टेंबरचं बाळंतपण असेल तर जून-जुलै चांगला. निष्क्रिय विषाणूची, म्हणजे इंजेक्शनचीच लस घ्यायची, नाकात फवारायची जिवंत लस गरोदरपणात चालत नाही. दोन्ही लसी आणि टोचायची फी मिळून खर्च चार हजारांच्या आत राहिला, पण किंमत ब्रँडप्रमाणे बदलते. फोनवर छापील किंमत आणि फी वेगवेगळी विचारावी.

इथे एक गोष्ट कामामुळे डोळ्यांत भरते. टीडी, टीडॅपसारख्या बऱ्याच लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. सगळे उष्णतेला घाबरतात, पण टीडी, टीडॅप, हिपॅटायटिस बी, पेंटा (बाळाची पाच आजारांची एकत्र लस) या लसींना गोठणं जास्त घातक आहे. एकदा गोठली की क्षारांचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, परत वितळली तरी ताकद येत नाही. वरून कुपी साधारण तशीच दिसते. म्हणून फार्मसीतून लस आणून बर्फाच्या पिशवीत दाबून क्लिनिकला नेणं हा सगळ्यात वाईट मार्ग. जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्यावी. पावसाळ्यात वीज किती जाते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. तेव्हा इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, तापमान लिहून ठेवता का, एवढं न लाजता विचारावं. सरकारी केंद्रात लसींसाठी वेगळा आइस-लाइन्ड फ्रिज असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असल्यामुळे वीज गेली तरी तो बराच वेळ तापमान धरतो, तपमापकाची नोंद रोज दोनदा होते. या बाबतीत मी खाजगी क्लिनिकपेक्षा केंद्रावर जास्त विश्वास ठेवते.

टीडॅप झाल्यावर कार्डावर ब्रँड, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. नाहीतर पुढच्या भेटीत केंद्रात कोणी टीडीचा आणखी एक डोस देऊ करतं आणि आपल्याला काय झालंय ते नीट सांगता येत नाही.

त्याच काळात आरएसव्ही नावाच्या विषाणूबद्दल वाचलं. तान्ह्या बाळांच्या छातीच्या संसर्गाचं हे मोठं कारण. आईला देण्याची लस अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये ३२ ते ३६ आठवड्यांसाठी मंजूर झाली. चाचणीत जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत गंभीर आजाराविरुद्ध ८१.८ टक्के आणि १८० दिवसांत ६९.४ टक्के परिणाम दिसला. इथवर पोचायला अर्धं शतक गेलं, त्याचं कारण समजून घेतलं की लसींबद्दलचा बराच अविश्वास जागेवर येतो. १९६० च्या दशकात फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना दिली, तर लस घेतलेल्यांनाच आजार जास्त तीव्र झाला आणि दोन बाळं गेली. विषाणूच्या अंगावरचं एफ प्रथिन विषाणू पेशीशी एकजीव होण्याआधी एका आकारात असतं आणि नंतर दुसऱ्या. नामी अँटीबॉडी पहिल्या आकाराविरुद्ध तयार होतात, तर मारलेल्या लसीत बहुतेक दुसराच आकार होता. पहिल्या आकाराची नेमकी रचना २०१३ मध्ये उलगडली आणि त्यावर नव्या लसी उभ्या राहिल्या. त्यातल्या एका कंपनीने गरोदर बायकांमधली आपली चाचणी २०२२ मध्ये थांबवली, कारण लस घेतलेल्या गटात वेळेआधी जन्म जास्त दिसले. मंजूर झालेल्या लसीला ३२ आठवड्यांची खालची मर्यादा आहे ती याच सावधगिरीतून. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात ही लस नाही. घ्यायचा विचार असेल तर तिसाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांशी बोलायला हवं.

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या, जन्मताना आईकडून बाळाला लागू शकणाऱ्या जंतूवरची आईची लस अजून चाचण्यांतच आहे. तोवर उपाय म्हणजे छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यातला स्वॅब किंवा प्रसूतीवेळची जोखीम बघून दिलेलं प्रतिजैविक. ते जन्माआधी निदान चार तास तरी सुरू झालेलं असावं लागतं. पाणमोट फुटल्यावर घरी वाट बघत बसू नये, त्याचं हेही एक कारण. आपल्याकडच्या नवजात कक्षांत मात्र जंतूंचं चित्र वेगळं आहे. दिल्लीतल्या तीन इस्पितळांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे तिघे पुढे होते, तेही औषधांना दाद न देणारे. क्लेब्सिएलाविरुद्ध आईला देता येईल अशा लसीचं काम सुरू आहे, आपल्या देशाला तिची गरज कदाचित सगळ्यात जास्त आहे.

बाळ ९ सप्टेंबरला झालं. चवथ शनिवारी, सातला होती, म्हणजे सगळं सुट्टीच्या धामधुमीत. सरकारी इस्पितळात जन्मानंतरच्या काही तासांत तीन गोष्टी होतात आणि नातेवाईक हमखास गल्लत करतात. एक व्हिटॅमिन के, मांडीत १ मिलिग्रॅम. ती लस नव्हे, रक्तस्राव टाळण्यासाठी असते. दुसरी हिपॅटायटिस बी, मांडीत अर्धा मिली. तिसरे पोलिओचे दोन थेंब, ज्याला शून्य डोस म्हणतात. 'मांडीत एक सुई दिली' एवढ्यावर समाधान मानू नका. कुठली, ते विचारा आणि कार्डावर हिपॅटायटिस बी समोर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.

वेळ का? अख्ख्या वेळापत्रकात खरी कडक मर्यादा हीच आहे. हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस २४ तासांच्या आत. आईकडून जन्मताना संसर्ग झालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांत तो आयुष्यभर राहतो, पुढे यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग. आईची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची, तपासणी पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) १२ तासांत द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी हाताशी असेलच असं नाही. तपासणीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. सुट्टीच्या रात्री ड्युटीवरच्या सिस्टरला तो पहिल्या फटक्यात दिसला पाहिजे.

शून्य पोलिओ पंधरा दिवसांपर्यंत चालतो. बीसीजी, म्हणजे क्षयरोगावरची लस, एक वर्षापर्यंत.

बीसीजी इस्पितळात झाली नाही. यात हलगर्जी नसते. बीसीजीची कुपी एकापेक्षा जास्त बाळांची असते, ती पावडर द्रावणात मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. त्यामुळे बाळं जमवून ठरावीक दिवशी कुपी उघडतात आणि ११ तारखेला, बुधवारी घरी सोडलं तो दिवस त्यातला नव्हता. उलट पेंटा, हिपॅटायटिस बी, न्युमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूवरची), पोलिओच्या कुप्या उघडल्यावर नीट ठेवल्या तर अठ्ठावीस दिवस वापरता येतात, म्हणून त्यांची अशी अडचण होत नाही. घरी निघताना 'बीसीजी बाकी' असं स्पष्ट लिहून घ्या आणि आपल्या केंद्रात फोन करून कुपी कोणत्या दिवशी उघडतात ते विचारा. आमच्याकडे १८ सप्टेंबरला झाली. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, डाव्या दंडावर, कातडीच्या थरातच. सुई बरोबर बसली की तिथे फिकट फुगवटा येतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. फुगवटा न येता औषध खोल गेलं तर गळू व्हायची शक्यता वाढते.

तोवर घरात पाहुण्यांची रीघ. सटी, बारसं आणि वर चवथीला आलेली माणसं. डांग्या खोकला मोठ्यांमध्ये नुसता लांबलेला खोकला म्हणून हिंडतो. खोकणाऱ्याने बाळाच्या खोलीत यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुवून, मुके न घेता. हे बोलायला आपल्याला जड जातं, म्हणून ते काम सासूबाईंवर सोपवलं आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा कितीतरी ठणकावून केलं.

जन्मनोंदणी लसींच्या आड येत नाही, पण तारखा सोबतच सांभाळाव्या लागतात. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते, तीही जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, राहत्या पंचायतीत नव्हे. इस्पितळ माहिती पाठवतं, ती पोचली का ते आपण बघायचं. बाळाचं नाव नंतर घालता येतं. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, तेव्हा आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षरशः ताडून घ्या. यू-विनवर बाळ आधी 'बेबी ऑफ' अमुक असं दिसतं. दाखला मिळाल्यावर पुढच्या भेटीत नाव बदलून घ्या.

सहावा आठवडा २१ ऑक्टोबरला, सोमवारी भरला. केंद्राचा लसीकरणाचा वार बुधवार, म्हणून २३ तारीख. दोन दिवस उशीर बिलकुल चालतो, आधी मात्र चालत नाही. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेतच. उशीर कितीही झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे.

या भेटीला बाळ घाबरत नाही, आईबाप घाबरतात. तीन सुया आणि दोन तोंडाच्या लसी. आधी पोलिओचे दोन थेंब, रोटा (जुलाबांच्या विषाणूवरची लस), मग सुया: उजव्या दंडावर कातडीत पोलिओची ०.१ मिली, उजव्या मांडीत न्युमोकोकल, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट. पोलिओच्या सुईचा हा डोस पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा. कातडीत दिल्यामुळे कमी मात्रेत काम होतं. जगभर तुटवडा असताना २०१६ पासून भारताने ही पद्धत घेतली. पेंटा गोव्यात २०१२-१३ मध्येच, देशातल्या पहिल्या काही राज्यांबरोबर आली होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक जंतू) हे पाच एकाच सुईत. कुठल्या जागी कुठली लस ते पाठ ठेवा. दुसऱ्या दिवशी मांडी सुजली तर कशाने, ते लगेच कळतं.

कुपीवरचा छोटा गोल बघायला मागा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी, सारखा किंवा गडद झाला तर उष्णता लागलेली. विचारलं म्हणून कोणी रागावलं नाही, सिस्टरने उलट कुपी माझ्या हातात दिली.

रोटाच्या थेंबांमागची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते. ११६ई नावाचा हा विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये जन्मलेल्या बाळांमध्ये सापडला. त्यांना संसर्ग झाला होता, पण जुलाब नव्हते, आणि पुढे त्यांना गंभीर रोटाही कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने त्याचीच लस झाली. चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर भागात सुमारे ६,८०० बाळांवर झाली, पहिल्या वर्षात रोटाच्या गंभीर जुलाबांविरुद्ध परिणाम साधारण ५६ टक्के. आकडा कमी वाटतो, पण रोटाने इस्पितळात जाणाऱ्या बाळांची संख्या बघितली की निम्म्याहून जास्त वाचणं लहान नाही. २०१६ मध्ये ती सरकारी कार्यक्रमात आली. ब्रँडप्रमाणे कुठे पाच थेंब देतात, कुठे दोन-अडीच मिली, त्यामुळे दुसऱ्याच्या बाळाशी तुलना करू नका. नंतरच्या आठवड्यात शौचात रक्त, पाय पोटाशी ओढून रडण्याच्या लाटा, सारखी उलटी यांपैकी काही दिसलं तर तडक इस्पितळ गाठायचं. क्वचित आतडं आतड्यात सरकतं, तो धोका लहान आहे पण वाट बघण्याचा नव्हे.

लसीनंतर अर्धा तास केंद्रातच थांबायचं. ताप त्या रात्री येतो, बहुधा एक-दोन दिवस. पेंटातला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या पेशींचा असतो, म्हणून. खाजगीत सहा आजारांची एकत्र लस मिळते, तिच्या काही ब्रँडांत तो भाग शुद्ध प्रथिनांचा असल्याने ताप कमी. तिथे प्रत्येक भेटीला त्या एका लसीचेच चार हजारांच्या आसपास सांगितले. केंद्रात शून्य. आम्ही केंद्रच निवडलं. पॅरासिटामॉल आधीपासून द्यायचं नाही, ताप आल्यावर वजनाप्रमाणे, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. इथे मोठी चूक होते ती बाटलीची. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये आणि बाटलीच्या नावासकट लिहून घ्या, मोजायला त्याच बाटलीचा ड्रॉपर. टोचल्या जागी चोळणं, शेकणं, बर्फ, काही नको.

२० नोव्हेंबरची भेट लहान: पोलिओ थेंब, रोटा, पेंटा. बाळाला सर्दी होती, तरी लस दिली. साध्या सर्दीने थांबायचं कारण नसतं. १८ डिसेंबरला पुन्हा सहाव्या आठवड्यासारखंच सगळं.

मधे बीसीजीच्या जागी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुरळ आली, दिवाळीच्या सुमारास ती फुटून पाणी येऊ लागलं. हे अपेक्षितच असतं. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला त्या दंडाला तेल लागू दिलं नाही, मलम नाही, पट्टी नाही, नुसत्या पाण्याने धुवून कोरडं. डिसेंबरात खूण उरली. काखेत बारीक गाठ येऊ शकते. ती दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा लाल होऊन मऊ पडली तर दाखवायची. खूण उमटलीच नाही तरी परत टोचत नाहीत.

नवव्या महिन्याच्या लसी ११ जून २०२५ ला झाल्या: गोवर-रुबेला उजव्या दंडात, न्युमोकोकल बूस्टर, पोलिओच्या सुईचा तिसरा डोस डाव्या दंडात (हा २०२३ पासून वाढला) आणि 'अ' जीवनसत्त्वाचा एक मिली. गोवराची लस इतकी उशिरा का, याचं उत्तर पुन्हा आईच्याच अँटीबॉडीत आहे. जिवंत विषाणूला त्या पकडून ठेवतात, त्या उतरेपर्यंत लस रुजत नाही. गोवर-रुबेलाची कुपीही बीसीजीसारखी चार तासांचीच, तेव्हा निघण्याआधी फोन. ताप आला तर सहसा त्याच रात्री येत नाही, आठवड्या-दीड आठवड्याने येतो, सोबत बारीक पुरळ.

यानंतरची भेट १६ ते २४ महिन्यांत. तोवर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये आणि यू-विनचं प्रमाणपत्र डाउनलोड करून ईमेलवर ठेवलंय. प्रमाणपत्रावरचे डोस कार्डाशी ताडून बघा. आमच्या बाबतीत चौदाव्या आठवड्याचा रोटा ऑनलाइन चढला नव्हता, कार्ड दाखवल्यावर सिस्टरने तिथेच भरून दिला.